सहा दिवसांचे धावण्याचे शिबिर आणि ७४५ डॉलर

गेल्या जुलैत आमची मुलगी उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजने भरवलेल्या धावण्याच्या निवासी शिबिराला जाऊन आली. रविवारी दुपारी मुलांना सोडायचे आणि शुक्रवारी जेवणाआधी घेऊन यायचे, असा सहा दिवस आणि पाच रात्रींचा हा कार्यक्रम होता. राहणे, जेवण आणि सराव धरून शुल्क ७४५ डॉलर होते. त्याशिवाय न्यू जर्सीहून दोनदा जाण्यायेण्याचे पेट्रोल आणि टोल यांचे मिळून साधारण ११० डॉलर लागले, आणि किरकोळ खर्चासाठी दिलेल्या पैशांतले ४० डॉलर एका जादा टी-शर्टावर व खाऊच्या यंत्रावर संपले. म्हणजे घरातून ८९५ डॉलर गेले. परत आल्यावर फिजिओथेरपीच्या दोन खेपांचे ८० डॉलर पडले. ते या हिशेबात धरावेत की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. माझ्या मते धरावेत, आणि का ते पुढे येईलच.

येथे वाढणाऱ्या मुलांच्या पालकांना हे शिबिर काय असते ते ठाऊक असते, पण भारतातल्या वाचकांसाठी थोडे सांगते. अमेरिकेतल्या हायस्कुलांत शरद ऋतूत क्रॉस कंट्री हा खेळ असतो. बागांतून, गवतावरून, मातीच्या चढउतारांवरून बहुतेक ठिकाणी ५ किलोमीटर धावायचे असते. ऑगस्टमध्ये शाळेचा अधिकृत सराव सुरू होतो आणि नोव्हेंबरपर्यंत हंगाम आटोपतो. त्यामुळे जून व जुलै या दोन महिन्यांत मुलाने पायाखाली किती मैल घातले, यावर सगळा हंगाम उभा राहतो. नेमक्या याच दिवसांत कॉलेजची वसतिगृहे आणि मैदाने रिकामी असतात, कॉलेजच्या प्रशिक्षकांना वरकमाईला वाव असतो, आणि पालकांना मुलांनी दिवसभर फोन घेऊन लोळू नये असे वाटत असते. या तीन गोष्टी जुळल्या की शिबिर तयार होते. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. शिबिर हा व्यवसायही आहे, एवढे लक्षात ठेवून माहितीपत्रक वाचले तर निराशा कमी होते.

आमच्या माहितीपत्रकात तीन आश्वासने होती: डोंगरातल्या हवेत तंदुरुस्ती वाढेल, कॉलेजच्या प्रशिक्षकांच्या नजरेत मूल येईल, आणि मूल 'धावपटूसारखे जगायला' शिकेल. पहिल्या दोन आश्वासनांवर आम्ही पैसे भरले आणि वसूल झाले ते तिसऱ्यावर.

तंदुरुस्तीचे आधी. सहा दिवसांत कोणाचीही धावण्याची क्षमता मोजण्याइतकी वाढत नाही. आज केलेल्या कष्टाचा परिणाम शरीरात मुरायला आठवडे लागतात. आठवडाभर जास्त धावून फक्त थकवा मिळतो, आणि तो थकवा पचवण्याइतका आधार आधीच्या महिन्यांत तयार झालेला असेल तरच त्याचा पुढे उपयोग होतो. 'डोंगरातली हवा' हा तर निव्वळ शब्दांचा खेळ होता. ते कॉलेज जेमतेम साडेचारशे मीटर उंचीवर आहे. सकाळी गारवा असतो, एवढाच त्याचा फायदा. उंचीवरच्या सरावाचा खरा परिणाम साधारण दोन हजार मीटरच्या आसपास आणि त्याहून वर दिसू लागतो, आणि तिथेही रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला तीन-चार आठवडे राहावे लागते. पहिले काही दिवस तर रक्तातला द्रव कमी झाल्यामुळे उलट जडच जातात. आपला बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे, ज्याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक घेतले, तो सरावासाठी कोलोराडो स्प्रिंग्जला जाऊन राहिला होता. ते गाव अठराशे मीटरच्या वर आहे आणि त्याचा मुक्काम आठवड्याचा नव्हता. पाच रात्रींत डोंगर अंगात येत नाही.

आता कॉलेजच्या संघातल्या निवडीचे, कारण बहुतेक पालक मनातून याच आशेने पैसे भरतात. आम्हीही त्यातलेच. मुलगी तेव्हा नववी संपवून दहावीत जाणार होती. कॉलेज क्रीडा संघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, पहिल्या श्रेणीतल्या कॉलेजांचे प्रशिक्षक या खेळात दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत मुलांशी निवडीबाबत थेट संपर्क साधू शकत नाहीत. म्हणजे आमच्या मुलीला त्या जुलैत कोणा पहिल्या श्रेणीच्या प्रशिक्षकाने हेरले असते, तरी पुढचे अकरा महिने त्याला गप्पच बसावे लागले असते. शिवाय आम्ही निवडलेले कॉलेज तिसऱ्या श्रेणीतले, आणि त्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. हे दोन्ही नियम जाहीर आहेत. आम्ही ते पैसे भरल्यानंतर वाचले.

नियमानुसार कॉलेजचे शिबिर सर्वांसाठी खुले असावे लागते. वय, इयत्ता, मुलगा की मुलगी आणि एकूण संख्या एवढ्याच मर्यादा घालता येतात. त्यामुळे 'निवडक धावपटूंसाठी निमंत्रण' अशा मायन्याचे पत्र आले तर त्यातल्या 'निवडक' या शब्दाला फार किंमत देऊ नये. आमच्याकडे तसे पत्र आले होते आणि मी ते फ्रिजवर लावले होते. संघातल्या प्रत्येक मुलीच्या घरी तेच पत्र पोचल्याचे पुढच्याच आठवड्यात कळले.

त्यात धावणे हा असा खेळ आहे, की प्रशिक्षकाला मूल पाहावे लागत नाही. बास्केटबॉलमध्ये हात किती सफाईने चालतो, हे डोळ्यांनी पाहावे लागते. येथे शर्यतीची वेळ सगळे सांगून जाते, आणि प्रत्येक शर्यतीची वेळ जालावर कोणालाही दिसते. जिची वेळ चांगली आहे तिला शिबिराशिवाय ईमेल येतात, आणि जिची नाही तिला शिबिराने येत नाहीत. जागाही आकसत चालल्या आहेत. पूर्वी पहिल्या श्रेणीतल्या प्रत्येक कॉलेजाला क्रॉस कंट्री आणि ट्रॅक (मैदानावरच्या शर्यती) मिळून पुरुषांसाठी १२.६ आणि स्त्रियांसाठी १८ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. २०२५-२६ पासून, खेळाडूंना पैसे देण्यावरून एनसीएएवर झालेल्या खटल्यातल्या न्यायालयीन तडजोडीत सहभागी झालेल्या कॉलेजांत, ती जाऊन संघातल्या खेळाडूंच्या संख्येलाच मर्यादा आली आहे आणि क्रॉस कंट्रीसाठी ती १७ आहे. तेव्हा शिष्यवृत्तीच्या आशेने कोणी शिबिराचे पैसे भरत असेल, तर ते सरळ कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवावेत. आधी शिबिराची फी भरून मग शिष्यवृत्तीची वाट पाहणे हा उलटा व्यवहार आहे.

मग उरले काय? जे उरले त्याची सुरुवात एका बुटांच्या खोक्यापासून झाली.

सोमवारी सकाळी साडेसहाला सगळी मुले मैदानावर जमल्यावर कॉलेजच्या संघातल्या दोन मुली बुटांचे रिकामे खोके घेऊन रांगेतून फिरल्या आणि प्रत्येकाच्या मनगटावरचे घड्याळ त्यांनी काढून घेतले. उपग्रहावरून वेग दाखवणारी ती घड्याळे हल्ली या मुलांच्या अंगाचा भागच झाली आहेत, आणि आमच्या लेकीला ते देताना, तिच्याच शब्दांत, 'चष्मा काढून दिल्यासारखे' वाटले. नंतर सूचना एकच मिळाली: पूर्ण वाक्यात बोलता येईल अशाच वेगाने धावायचे, आणि खात्री पटावी म्हणून गटातल्या प्रत्येकीने धावता धावता एक गोष्ट पुढे न्यायची. जिचे वाक्य मध्येच तुटेल तिच्यासाठी सगळ्या गटाने वेग कमी करायचा. आमच्या मुलीचे वाक्य दोनदा तुटले. सहा मैल झाल्यावर घड्याळ बाळगणाऱ्या एकमेव कॉलेजकन्येने वेग सांगितला: मैलाला ९ मिनिटे ५० सेकंद.

या आकड्याचे महत्त्व समजायला तिचे आधीचे धावणे सांगायला हवे. नववीत तिची ५ किलोमीटरची उत्तम वेळ २२ मिनिटे ४८ सेकंद होती, म्हणजे शर्यतीत मैलाला ७ मिनिटे २० सेकंद. आणि रोजचा 'हलका' सराव ती करत असे ८ मिनिटे १५ सेकंदांनी. शर्यतीच्या आणि रोजच्या वेगात जेमतेम पाऊण मिनिट ते मिनिटभराचे अंतर. परिणाम असा, की दररोज ती अर्धी शर्यतच धावत होती. शाळेचे प्रशिक्षक वर्षभर 'हळू, हळू' म्हणत होते, तिचे वडील म्हणत होते, आणि धावण्यातले काहीही कळत नसताना मीही म्हणत होते. पण जिच्या पाठीवर कॉलेजचे नाव आहे अशी वीस वर्षांची, आपल्याहून कितीतरी वेगवान मुलगी जेव्हा शेजारून गप्पा मारत ९:५० ने धावते, तेव्हा हळू धावणे कमीपणाचे वाटेनासे होते. घरच्यांचे शंभर वेळा सांगणे आणि तिचे एकदा दाखवणे यांच्यातला फरक मी विकत घेतला असे म्हटले तरी चालेल. घरी परतल्यावर तिने आपणहून घड्याळाच्या पडद्यावरचा वेग दिसेनासा केला आणि फक्त वेळ ठेवली. ते आजतागायत तसेच आहे.

दुसरी मोलाची गोष्ट मंगळवारी दुपारी एका वर्गखोलीत, साधारण चाळीस मिनिटांत झाली. कॉलेजच्या आहारतज्ज्ञ बाईंनी मुलामुलींशी लोहाबद्दल बोलणे केले. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या, विशेषतः मुलींच्या शरीरातले लोह घामातून, पाळीतून, आणि पाऊल सतत जमिनीवर आपटल्याने तांबड्या पेशी फुटण्यातून कमी होत जाते. हिमोग्लोबिन ठीक असले, तरी साठा दाखवणारे फेरिटिन खाली गेलेले असू शकते, आणि नेहमीच्या तपासणीत फेरिटिन बहुधा पाहिलेच जात नाही. बाईंनी मुलींना विचारले, की चढावर पाय अचानक शिशासारखे होतात असे कोणाकोणाला वाटते? आमच्या मुलीने हात वर केला. मागच्या हंगामात न्यू जर्सीतल्या होल्मडेल पार्कमधल्या शर्यतीच्या मार्गावरच्या त्या प्रसिद्ध 'बोल'मधून, म्हणजे मार्गाच्या मधल्या खळग्यातून, वर येताना तिचे असेच होत असे आणि आम्ही त्याला चढाच्या सरावाचा अभाव समजत होतो.

परतल्यावर डॉक्टरांकडे जाऊन तपासणी केली. हिमोग्लोबिन व्यवस्थित होते, फेरिटिन मात्र १४, म्हणजे खाली गेलेले. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितले. (गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, शरीरातले जादा लोह अपायकारक असते.) आम्ही घरात मांस खात नाही, पण अळीव, कडधान्ये आणि पालेभाज्या भरपूर खातो, त्यामुळे लोहाची काळजी नाही असा माझा समज होता. जेवणासोबतच्या चहाने लोह शरीरात कमी शोषले जाते आणि लिंबू पिळल्याने वाढते, हे मला चाळिशीत एका पेनसिल्व्हेनियातल्या कॉलेजच्या कागदावरून कळले. माझी आजी अळिवाच्या खिरीबरोबर आवळ्याचा मुरांबा का देत असे, याचा अर्थ त्या दिवशी लागला. कदाचित तिला तो मुरांबा संपवायचा असेल, तेही शक्य आहे. मुद्दा हा, की त्या चाळीस मिनिटांची किंमत मी कधीही ७४५ डॉलरांपैकी निम्मी धरीन.

बाकीचे कार्यक्रम यथातथाच होते. धावण्याची चित्रफीत काढून दोष दाखवण्याचा प्रत्येक मुलामागे दीड मिनिटाचा कार्यक्रम होता. शिबिरात ११० मुले होती आणि प्रशिक्षक चार, तेव्हा त्याहून जास्त मिळणे शक्यही नव्हते. मुलीला सांगण्यात आले, की हात मोकळे ठेव. तिच्या दोन मैत्रिणींनाही तेच सांगण्यात आले. एका संध्याकाळी बुटांच्या कंपनीचा माणूस येऊन तासभर बूट दाखवून गेला, आणि एका संध्याकाळी रंगीत कार्डांवर ध्येये लिहून घेतली गेली. ते कार्ड जुलैअखेर आमच्या धुलाईयंत्रात सापडले.

राहण्याची सोय कॉलेजच्या जुन्या वसतिगृहात, तिसऱ्या मजल्यावर, वातानुकूलनाशिवाय होती. 'पंखा आणावा' असे सूचनापत्रात होते, पण पाचव्या पानावर. ज्या मुलींनी आणला नाही त्यांनी पहिली रात्र आमच्या मुलीच्या खोलीच्या दाराशी गादी ओढून काढली. आंघोळीची जागा सामाईक आणि स्वच्छ. रानातून धावून आल्यावर रोज गोचीड तपासायला लावत, हे मला विशेष आवडले. या भागात गोचिडीमुळे होणारा लाईम रोग फार आहे, आणि मुले हे आपणहून कधी करत नाहीत.

जेवणाबद्दल माझी तक्रार आहे. शाकाहारी मुलांसाठी रोज पास्ता, कोशिंबीर आणि शेंगदाण्याचे लोणी असे. घेवडा किंवा मसूर असे काही पाच दिवसांत दोनदाच मिळाले. त्याहून वाईट म्हणजे रात्रीचे जेवण साडेपाचला आणि त्यानंतर सकाळच्या धावण्यापर्यंत काहीच नाही. दिवसाला नऊ मैल धावणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलांना तेरा तास उपाशी ठेवायचे आणि दुपारी आहारावर व्याख्यान द्यायचे, यातली विसंगती कोणाच्या ध्यानात आली नसावी. मी दिलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दुसऱ्याच रात्री रिकामा झाला, आणि शुक्रवारी डबा परत देताना दोन अनोळखी मुलींनी मला त्याची कृती विचारली.

आणि आता त्या ८० डॉलरांकडे वळते. शिबिराच्या अर्जात मुलांची ५ किलोमीटरची उत्तम वेळ विचारली होती. आठवड्याला ती किती मैल धावतात, हे विचारलेच नव्हते. वेळेवरून गट पाडले गेले आणि गटावरून मैल ठरले. आमची मुलगी जूनमध्ये आठवड्याला २२ ते २४ मैल धावत होती. शिबिरात रविवारी ३, मग सोमवार ते बुधवार रोज ९, गुरुवारी ७ आणि शुक्रवारी ४, असे सहा दिवसांत ४१ मैल झाले. वेग हळू होता हे खरे, पण हाडांना वेगाइतकेच अंतरही कळते. बुधवारच्या लांबच्या धावेत तिची उजवी नडगी आतल्या बाजूने दुखू लागली. तिने सांगितले नाही, कारण गटात कोणीच थांबत नव्हते. गुरुवारी सकाळी एका कॉलेजच्या मुलीने तिला लंगडताना पाहिले, प्रथमोपचार पाहणाऱ्या ट्रेनरकडे नेले, आणि त्यांनी दुपारचे धावणे बंद करून तिला पोहायच्या तलावात पाण्यात पळायला लावले. त्या मुलीचे आणि त्या ट्रेनरचे मी मनापासून आभार मानते. पण शुक्रवारी समारोपाची चार मैलांची साखळी शर्यत होती, तिच्या गटात माणूस कमी पडत होता, आणि ती धावली. नंतरचे दहा दिवस धावणे पूर्ण बंद राहिले. हाडाला तडा नव्हता, ही कृपा.

हा दोष एकट्या मुलीचा नाही आणि एकट्या शिबिराचाही नाही. पंधराव्या वर्षी स्वतःच्या दुखण्यापेक्षा गटाची भीड मोठी वाटते, हे मुलांबरोबर काम करणाऱ्यांनी गृहीतच धरायला हवे. अर्जात एक रकाना वाढवला असता तर हे टळले असते. मी हे ऑगस्टमध्ये शिबिरप्रमुखांना लिहिले. उत्तर सौजन्याचे आले, आणि त्यात शिबिराची जबाबदारी मान्य केल्याचे किंवा नाकारल्याचे एकही वाक्य नव्हते.

या पैशांत दुसरे काय झाले असते, हाही प्रश्न रास्त आहे. आमच्या शाळेचे संघनायक उन्हाळ्यात आठवड्यातून चार दिवस सकाळी सात वाजता मुलांना जमवतात. त्याला काही पडत नाही. जवळच्या एका कॉलेजात फक्त दिवसाचे, सकाळी येऊन दुपारी जायचे शिबिर २५० डॉलरांना होते. ८९५ डॉलरांत वर्षभराचे बूट, म्हणजे तीन-चार जोड, आणि फेरिटिनची तपासणी, आणि आहारतज्ज्ञाशी एक भेट, हे सगळे बसून वर पैसे उरतात. साताऱ्याहून माझ्या वडिलांनी फोनवर विचारले होते, "पळायला पैसे भरतात होय गं?" त्यांच्या डोळ्यांपुढे पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्याने पळणारी गावची पोरे होती, आणि त्यांना उत्तर देताना मी सुविधा, मार्गदर्शन, अनुभव असे बरेच शब्द वापरले. आज मी त्यांना सांगीन, की पळायला नाही, हळू पळायला भरले.

या खर्चाची फेड कोणाला होते, यात मूल एकटे जाते की संघातल्या इतर मुलांबरोबर, याने मोठा फरक पडतो, असे माझे मत झाले आहे. क्रॉस कंट्रीत संघाच्या सात जणी धावतात आणि पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज होते. ज्यांची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकतो, आणि पहिले पाचही क्रमांक पटकावले तर ती १५ होते. म्हणजे संघात एक मुलगी अतिशय वेगवान असून भागत नाही. पाचवी किती मागे आहे, यावर निकाल लागतो. आमच्या शाळेतून तिघी गेल्या होत्या. त्या तिघींनी परत येऊन हळू धावण्याचा हट्ट संघात रुजवला, गोष्ट पुढे नेण्याचा खेळ सकाळच्या सरावात आणला, आणि नववीतल्या नव्या मुली पहिल्या आठवड्यात दमून सोडून जात असत, ते या वर्षी घडले नाही. एकटी गेलेली मुलगी हेच शिकून आली असती, पण परतल्यावर जुन्या वेगाच्या घोळक्यात पंधरा दिवसांत पुन्हा ओढली गेली असती.

मुलीची वेळ या हंगामात २१ मिनिटे ३१ सेकंदांवर आली. शिबिराच्या संकेतस्थळावर पालकांचे अभिप्राय आहेत, त्यात अशाच आकड्यांचे श्रेय शिबिराला दिलेले असते. मी ते तसे देणार नाही. ती वर्षाने मोठी झाली, तिचे लोह सुधारले, आणि दहा दिवसांची सक्तीची विश्रांती सोडली तर उन्हाळाभर ती धावत राहिली. यातले किती शिबिराचे, हे मला वेगळे काढता येत नाही, आणि कोणी काढून दाखवले तर माझा विश्वास बसणार नाही.

तिला या जुलैत आम्ही पुन्हा पाठवणार नाही. जे एकदा शिकायचे ते शिकून झाले आहे, आणि दुसऱ्यांदा गेल्यास तेच व्याख्यान व तोच पास्ता मिळेल. तिनेही आग्रह धरला नाही. तिला उन्हाळाभर घरच्या संघाबरोबरच धावायचे आहे.

प्रश्न आहे तो धाकट्याचा. तो सप्टेंबरपासून नववीत जाईल. त्याला ताईच्या खोलीतली ती शिबिराची पाटी वर्षभर दिसते आहे आणि त्यालाही जायचे आहे. माझे म्हणणे असे, की आठवड्याला निदान २५ मैल सलग दोन महिने पचल्याशिवाय आणि शाळेचा एक हंगाम पाहिल्याशिवाय जाण्यात अर्थ नाही. त्याच्या वडिलांना वाटते, की चुकीचा वेग अंगवळणी पडायच्या आधीच गेलेले बरे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मी शिबिराला ईमेलने तीन प्रश्न विचारले आहेत: अर्जात आता आठवड्याचे मैल विचारता का, मुलाला खालच्या गटात टाका असे पालकांनी लेखी सांगितले तर ऐकता का, आणि रात्री आठनंतर मुलांना खायला काय मिळते. लवकर नाव नोंदवणाऱ्यांना ७५ डॉलरांची सवलत १ मार्चपर्यंत आहे. नोंदणीची १५० डॉलरांची रक्कम परत मिळत नाही. उत्तर अजून आलेले नाही, आणि ते आल्याखेरीज मी कार्डाचा क्रमांक टाकणार नाही, असे धाकट्याला सांगून ठेवले आहे. तो सध्या शाळेतून आल्यावर दोन मैल धावतो. मैलाला ८ मिनिटे १५ सेकंद.